पाटी डोक्यावर घेऊन

तुमच्यापैकी कुणीतरी हे केलेलं आहे. कुणी, ते मी विचारत नाही. भर सभेत, नाहीतर घरी ताटावर बसल्या बसल्या, तुमच्यापैकी कुणीतरी दुसऱ्याला म्हटलं आहे, "झाला ना एकदाचा निर्णय? मग आता तोंड मिटा." आणि तुमच्यापैकीच दुसऱ्या कुणीतरी, वादात हरल्यावर, कोपऱ्यात बसून मनाशी म्हटलं आहे, "बुडू दे यांचं. मग कळेल, मी काय सांगत होतो ते." दोघांनीही घर बुडवायला सारखाच हात लावला. एकाने बोलून, दुसऱ्याने गप्प बसून.

रागावू नका. आणि रागावलात तरी गोष्ट ऐका, कारण गोष्टीतली माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा बरी होती.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा त्या खाडीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं. खाडीच्या काठाने पाच गावं होती. समुद्र दिवसातून दोनदा खाडीत शिरायचा आणि दोनदा मागे जायचा. त्याचं खारं पाणी अडवायला पाचही गावांनी मिळून माती-दगडाचा एक लांबलचक बांध घातला होता. बांधाच्या आत भाताची खाचरं होती. खारं पाणी एकदा खाचरभर साचलं की तीन वर्षं तिथे भाताचं नाव घ्यायचं नाही, असं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून बांध हाच त्यांचा देव होता.

बांधात प्रत्येक गावाची एक उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला झडप उचलायची, म्हणजे पावसाचं साचलेलं पाणी बाहेर जातं. भरती यायच्या आत ती खाली टाकायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही.

पाच गावांचं सगळं एकत्र होतं. एकच बाजार, धान्याचं एकच माप, बियाणं एकच. शिमगा झाला की पाचही गावांचे हात एकत्र येऊन बांधाची डागडुजी करायचे. आणि उघाड्या टाकायचा इशारा एकच: थोरल्या गावच्या देवळातला ढोल. ढोल वाजला की पाचही झडपा खाली. ढोलाआधी झडप टाकणाऱ्याला सात दिवस बिनबोभाट माती वाहावी लागे.

आता थोरलं गाव होतं खाडीच्या आत, वर. आणि आपल्या गोष्टीतलं गाव होतं खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्राची पहिली थप्पड बसते. त्याला सगळे तोंडावरचं गाव म्हणत. समुद्र तोंडाशी आधी येतो आणि आत दोन घटका उशिरा पोचतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ढोल वाजायचा थोरल्या गावात पाणी चढायला लागल्यावर. तोवर तोंडावरच्या गावाच्या उघाडीतून थोडं खारं पाणी आत शिरलेलं असायचं.

त्या उघाडीवर आवडाबाय बसायची. नवरा होता तोवर उघाडी तो राखायचा, नंतर ती राखू लागली. झडपेच्या दोरीवर हात ठेवून ती पाणी चढताना बघायची आणि ढोलाची वाट बघायची. उघाडीच्या आत सगळ्यांत खालचं खाचर होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. दर वर्षी त्यातली निम्मी रोपं खाऱ्या पाण्याने करपायची.

तोंडावरच्या गावाने थोरल्या गावाला किती वेळा सांगितलं. एकदा नाही, दहादा. दर वेळी उत्तर तेच यायचं, "एक बांध, एक ढोल." जणू एवढं म्हटलं की समुद्र सगळीकडे एकाच वेळी येतो.

मग एका शिमग्यानंतर गावातला हरबा उभा राहिला. तरणा, रुंद छातीचा, बोलायला लागला की हात आवरायचे नाहीत असा. तो म्हणाला, "पुरे झालं. आपण या पाचांतून बाहेर पडू. आपला बांध, आपली उघाडी, आपला ढोल."

आणि गावात वाद सुरू झाला.

इथे त्या गावाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. तिथे सभा बांधावर भरायची. ज्याला बोलायचं असेल त्याने शेजारच्या खड्ड्यातून बांबूची पाटी मातीने काठोकाठ भरायची, डोक्यावर घ्यायची आणि मग बोलायचं. पाटी डोक्यावर असेपर्यंत कुणी त्याला थांबवायचं नाही. टोमणे मारा, हसा, पण उठून जायचं नाही. बोलून झालं की ती माती बांधावर ओतायची आणि खाली बसायचं. उत्तर द्यायचंय? भरा पाटी.

ही रीत कुणी पाडली ते कुणाला आठवत नव्हतं. पण तिच्यामुळे त्या गावात लांबलचक भाषणं होत नसत, आणि फुकटचं कुणी बोलत नसे.

पाट्या विणायचा एक म्हातारा बुरूड. तो उंडीच्या झाडाखाली बसायचा. त्याला सगळे मामा म्हणत.

"मामा, जरा लहान विणा की हो!" मान चोळत लोक म्हणायचे.

"लहान बोला," मामा मान वर न करता म्हणायचा.

तर वाद सुरू झाला आणि अकरा दिवस चालला. हरबाने पहिली पाटी उचलली. "समुद्राची थप्पड आपल्याला, आणि ढोल त्यांच्या देवळात! आपली पोरं चाळीस दिवस त्यांचा बांध लिंपतात. आपलं खाचर करपतं तेव्हा ते काय करतात? म्हणतात, वाईट झालं हो. माझ्या आज्याच्या आधीपासून वाईटच होतंय!"

लोक ओरडले, "खरं आहे! बोल हरबा!"

मग आवडाबाय उठली. तिने पाटी भरली, चुंबळ ठेवली, पाटी डोक्यावर घेतली. सगळ्यांना वाटलं ही हरबाचंच म्हणणं ओढणार. रोपं तर हिचीच करपतात!

"हरबा बोलला त्यातलं अक्षरही खोटं नाही," ती म्हणाली. "ढोल चुकीचा आहे. तो बदलायलाच हवा. पण मागे आपल्या बांधाच्या वळणावर भगदाडासारखी खांड पडली होती तेव्हा मी उघाडीवर होते. पाच गावांतून पाचशे हात धावत आले, म्हणून ती बुजली. आपल्या गावात हात किती? मोजा. ढोल वाईट आहे म्हणून हात कशाला तोडता?"

"दहादा सांगितलं ना त्यांना!" कुणीतरी खालून ओरडलं.

"मग अकराव्यांदा सांगू. पाटी मी घेते."

"बाय, तुमचं खाचर करपतं आणि तुम्हीच त्यांची बाजू घेता? काय दिलंय हो त्यांनी तुम्हाला?"

"करपलेली रोपं दिली आहेत," आवडाबाय म्हणाली. "ती हवी तर तूही ने." आणि माती ओतून ती खाली बसली. लोक पोट धरून हसले. हरबासुद्धा हसला.

असे ते अकरा दिवस. मला त्या दिवसांचा हेवा वाटतो. तेल्याने पाटी घेतली, कोळणीने घेतली, सुताराने घेतली. एकाने अर्धीच पाटी भरली तर गावाने त्याला परत खड्ड्याकडे पिटाळलं, "अर्ध्या पाटीत अर्धंच बोल!" भाऊ भावाविरुद्ध बोलला आणि दोघे एकाच ताकाच्या लोट्याने घसा ओला करून घरी गेले. नवराबायकोंची तर गंमतच. नवरा पाटी उतरवायचा आणि बायको तीच भरून त्याला उत्तर द्यायची. आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण त्या अकरा दिवसांत बांध चांगला हातभर उंच झाला.

दहाव्या दिवशी वारं आवडाबायच्या बाजूने फिरलं होतं. लोक म्हणत होते, अकराव्यांदा सांगून बघायला काय हरकत आहे?

अकराव्या दिवशी थोरल्या गावचे प्रमुख स्वतः समजूत घालायला आले. मोठी गोष्ट होती ती. गावाने त्यांना रीत सांगितली. प्रमुखांनी मान डोलावली, बोटाने खूण केली, आणि त्यांच्या नोकराने पाटी भरून स्वतःच्या डोक्यावर घेतली. प्रमुख त्याच्या शेजारी छत्री धरून उभे राहिले आणि बोलू लागले.

"बंधूंनो, आपण पाच बोटं आहोत आणि..."

खूप वेळ बोलले ते. मान त्यांची दुखत नव्हती ना! नोकराचे पाय थरथरायला लागले तरी बोलत राहिले. आधी एक बाई हसली. मग पाचजण हसले. मग कुणीच हसेना.

आवडाबायने डोळे मिटून घेतले. तिला कळलं होतं, वारं परत हरबाकडे फिरलं.

"बघितलंत?" प्रमुख गेल्यावर हरबा म्हणाला. त्या दिवशी त्याला पाटी उचलावीसुद्धा लागली नाही.

संध्याकाळच्या आत कौल झाला. घरटी एक शिंपली. राहायचं असेल तर उताणी ठेवायची, बाहेर पडायचं असेल तर उपडी. एकशे वीस घरं. सत्तावन्न शिंपल्या उताण्या निघाल्या, त्रेसष्ट उपड्या.

तोंडावरचं गाव पाचांतून बाहेर पडलं.

हरबाने नवा ढोल करवला. आवडाबाय पाणी बघून हात वर करायची आणि ढोल वाजायचा, अगदी वेळेवर. त्या वर्षी तिच्या खाचरातलं एकही रोप करपलं नाही. कापणीला ते खाचर असं पिवळं झालं की तिच्याच डोळ्यांना खरं वाटेना.

कापणीनंतरच्या सभेत तिने पाटी उचलली. गाव कान टवकारून बसलं.

"हरबा," ती म्हणाली, "तू खरा होतास. माझं खाचर पिकलं. हे मी गावासमोर सांगते." हरबाची छाती फुगली. "आता दुसरं ऐक. वळणावरचा बांध खचतोय. तिथे लागणारा दगड पाच गावं मिळून थोरल्या गावच्या डोंगरातून आणायची. आता दगडही येत नाही आणि हातही येत नाहीत. पावसाच्या आत काहीतरी..."

"आली गाडी परत तिथेच!" मागून कुणी ओरडलं. "हरलात ना बाय? मग?"

"झाला निर्णय! रोज रोज काय तेच!"

पाटी डोक्यावर असताना कुणी थांबवायचं नाही, ही रीत. तिला कुणी थांबवलं नाही. पण सगळे इतके ओरडले की ती बोलली ते तिच्या शेजारच्या बाईलाही ऐकू आलं नाही. तिने माती ओतली आणि ती बसली.

दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या बाजूच्या लोकांनी ठरवलं की आता या विषयावर पाटी उचलायची नाही. हरबाला ते मनातून पटलं नव्हतं. पण ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं तेच म्हणत होते, आणि खांद्यावरून खाली उतरणं अवघड असतं. त्याने सभेची पाटी उंडीच्या फांदीला उपडी टांगली.

"मामा, आता तुम्हाला काम नाही," कुणीतरी म्हणालं.

मामाने फांदीकडे पाहिलं, मग बांधाकडे पाहिलं.

वाद थांबला का? छे! तो घरात शिरला. पाटी नाही, तर मान दुखायची भीती नाही. जो तो हवं तेवढं, हवं तसं बोलू लागला, फक्त समोर नाही, पाठीमागे. उताण्या शिंपल्यांची बायकामाणसं एका विहिरीवर जाऊ लागली, उपड्यांची दुसऱ्या. त्या वर्षी एक ठरलेलं लग्न मोडलं. आणि बांधावर कुणाची पाटीभरही माती पडली नाही. वाटलं होतं शिमग्यानंतर डागडुजी करू. शिमगा आला, तेव्हा हे त्यांच्या शेजारी उभे राहीनात आणि ते यांच्या. वरवर चार दिवस माती थापली आणि सगळे घरी गेले.

एके सकाळी तेली आवडाबायच्या उघाडीवर आला. वादात तो तिच्या बाजूचा होता.

"बाय, चांगलं झालं बघा. बांध खचू दे. एकदा पाणी आत येऊ दे. मग हेच हरबाचे लोक तुमच्या दारात रडत येतील."

आवडाबाय झडपेला तेल लावत होती. "तेल तुझ्याच घाण्याचं आहे रे हे," ती म्हणाली. "चांगलं आहे. मला सांग, पाणी आत येईल ते शिंपल्या बघून येईल का? त्रेसष्ट घरांत शिरेल आणि सत्तावन्न दारांवरून परत जाईल?"

तेली बांधाकडे बघू लागला.

"मी खरी ठरावी म्हणून माझं गाव बुडावं, एवढं मोठं माझं खरं नाही."

त्याच दिवशी तिने घरातली शेणाची जुनी पाटी धुतली, मातीने भरली आणि डोक्यावर घेऊन ती वळणाकडे गेली. तिथे उभी राहून ती बोलली. ऐकायला बगळे होते. बोलून झाल्यावर माती ओतली आणि ती परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्याही. पाटी घेतलेल्या माणसाचं ऐकावं लागतं, म्हणून लोक वळणावरून जायचं टाळू लागले. लांबच्या वाटेने जाऊ लागले आणि म्हणू लागले, "म्हातारपणाच्या आतच डोकं फिरलं हो हिचं. हरली ना, सहन होत नाही."

महिना झाला. लोक हरबाला येऊन सांगू लागले, "ती रोज तिथे उभी राहून परत पाचांत जायचं बोलते. बंद कर तिला."

हरबा चिडून वळणाकडे निघाला. पण दुरून तिचा आवाज ऐकू आला आणि तो चिखलात उगवलेल्या तिवराच्या झुडपांआड थांबला.

"...म्हणून दगड नसला तरी चालेल," आवडाबाय बगळ्यांना सांगत होती. "बाहेरच्या अंगाला तिवराची रोपं दाट लावायची. मुळं धरली की ती लाटेचा जोर खातात. तोवर आतून मातीच माती घालायची. वीस माणसं रोज दोन पाट्या, पावसाच्या आत होईल. हरबाच्या आळीतली पोरं चिखलात चांगली चालतात, रोपं त्यांनी लावावी. आणि ढोल..."

हरबा ऐकत राहिला. परत जाण्याचा एक शब्द त्यात नव्हता. जो निर्णय तिला नको होता, तोच निभवायचा कसा, हे ती महिनाभर बगळ्यांना समजावत होती. त्याने बांधाकडे पाहिलं. सगळा बांध खचलेला, पण वळणावर, तिच्या पायांखाली, ताज्या मातीचा एक उंचवटा होता. एकट्या बाईचा महिना.

तो पुढे आला. "बाय, तिवराचं पटलं. पण ढोलाचं काय म्हणत होतात?"

"उत्तर हवंय की वाद?"

"वाद."

"मग पाटी?"

हरबाने आजूबाजूला पाहिलं. पाटी नव्हती. तो धावत गावात गेला, उंडीवरची पाटी काढली, भर बाजारातून डोक्यावर माती घेऊन परत आला. त्याला पाहून लोक काम टाकून मागोमाग निघाले.

"बोला," हरबा म्हणाला.

"भरती आधी आपल्याला दिसते," आवडाबाय म्हणाली. "आपला ढोल आपण आपल्या देवळात वाजवतो, फक्त आपल्यापुरता. तो वळणावर आणा. तोंड आतल्या गावांकडे करा. त्यांनाही ऐकू जाऊ दे."

"म्हणजे परत त्यांची चाकरी?" हरबा पाटीखालून ओरडला. "त्यांनी आमच्यासाठी कधी ढोल हलवला?"

"नाही हलवला. म्हणून तर आपण बाहेर पडलो. आता तेच आपण करायचं, तर बाहेर कशाला पडलो?"

"आपण बाहेर पडलो ते आपलं बघायला!"

"बघ ना! त्यांच्या बांधाला खांड पडली तर पाणी आतून फिरून कुणाच्या खाचरात येतं? बघ, बोट कर!"

हरबाने बोट केलं नाही. बोट कुठे जाणार ते गर्दीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

त्या दिवशी काही ठरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सुतार पाटी घेऊन आला, त्याला दोघांचंही पटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दहाजण आले. मामाला परत काम लागलं. गाव पहिल्यासारखं भांडू लागलं, समोरासमोर, मान मोडेस्तोवर. तिवर लावायचं की नाही यावर तर इतकं भांडण झालं की रोपं लावून होईपर्यंत बांध पूर्वीच्या उंचीला आला आणि वर आणखी वीतभर गेला. ढोलाचा वाद मात्र मिटला नाही. हरबाने मान्य केलं नाही आणि आवडाबायने सोडलं नाही.

मग भाद्रपदातली अमावस्या आली. भर दुपारी उधाणाची भरती असते ती. पण त्या दिवशी पश्चिमेचं वारं मागून ढकलत होतं. पाणी वेळेच्या चार घटका आधीच तोंडाशी आलं, आणि आलं ते भिंतीसारखं.

आवडाबायने हात वर केला. ढोल वाजला, झडप पडली. गाव पाट्या घेऊन वळणाकडे धावलं, आणि सगळ्यांत पुढे तेली होता.

पाणी चढत बांधाच्या कडेजवळ आलं. आता फक्त वीतभर उरलं होतं.

आवडाबाय धावत हरबाकडे आली. पाटी नव्हती तिच्या डोक्यावर. ढोलाबद्दल ती पहिल्यांदाच पाटीशिवाय बोलत होती. "हरबा, आतल्या चार उघाड्या उघड्या आहेत. त्यांना वाटतंय भरतीला अजून वेळ आहे."

हरबाने तिच्याकडे पाहिलं. त्याला छत्री आठवली, थरथरणारा नोकर आठवला, करपलेली रोपं आठवली. त्याचं एकही म्हणणं खोटं पडलं नव्हतं. आजही नाही.

मग तो देवळाकडे धावला. ढोल एकट्याने पाठीवर घेऊन वळणावर आला, पाय रोवले, समुद्राकडे पाठ केली आणि आतल्या गावांकडे तोंड करून वाजवू लागला. टिपरी मोडली तेव्हा मुठीने वाजवला.

शेजारच्या गावाने ऐकलं. झडप पडली. त्यांनी आपला शिमग्याचा ढोल वाजवला. तो पुढच्याने ऐकला. असा तो आवाज गावागावातून आत गेला, आणि थोरल्या गावाच्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की ढोल त्यांनी वाजवला नाही, त्यांनी ऐकला. शेवटची झडप पाण्याच्या दोन हात आधी पडली.

वळणावर पाणी कडेशी आलं, थोडंसं वरून सांडलं आणि तिथेच थांबलं. ती शेवटची वीत भांडणाची होती. सुताराची, कोळणीची, हरबाची, आवडाबायची. कुणाची माती कुठली, हे आता ओळखता येत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या गावची चाळीस माणसं पाट्या घेऊन धावत आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि आता ती या गावाची कुणी नव्हती. पाणी उतरेपर्यंत ती राहिली.

पाच गावांतलं एकही खाचर त्या वर्षी खारं झालं नाही.

पुढच्या शिमग्याला थोरल्या गावचे प्रमुख आले. या वेळी छत्री नव्हती आणि नोकरही नव्हता. त्यांनी स्वतः पाटी भरली, स्वतः उचलली. सवय नव्हती, मान कलली, थोडी माती पागोट्यावर सांडली. कुणीही हसलं नाही.

"ढोलाचं आमचं चुकलं," ते म्हणाले. पुढचं त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी माती ओतली आणि ते खाली बसले. त्या बांधावर इतकं छोटं आणि इतकं चांगलं भाषण दुसरं झालं नाही.

मग गाव परत पाचांत गेलं का? आवडाबाय म्हणाली, जाऊ या, आता ढोल बदलला आहे. हरबा म्हणाला, शेजारी म्हणून ढोलाला ढोल देऊ, पण आपली उघाडी आपलीच राहू दे. दोघांनी पाट्या उचलल्या. माझ्या कानावर आलं त्याप्रमाणे ते अजून भांडताहेत, आणि तो बांध त्या किनाऱ्यावरचा सगळ्यांत उंच बांध आहे.

मुलांनो आणि मोठ्यांनो, सांगायचं ते एवढंच: वाद हरलात म्हणून आपली पाटी खाली ठेवू नका, आणि वाद जिंकलात म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावरची पाटी उतरवू नका.

त्या शिमग्याच्या सभेनंतर हरबा उंडीच्या झाडाखाली गेला होता. वर्षभर भांडून तो दमला होता. "मामा," घाम पुसत तो म्हणाला, "एकदा सगळ्या गावाचं एकमत झालं तर बरं होईल, नाही? तुम्हालाही या वर्षी पाट्या विणायला नकोत."

मामाने बांबूची कांब दातात धरून ओढली, पाटीत ओवली आणि घट्ट केली.

"तसं झालं तर नाही विणणार," तो म्हणाला. "फक्त आधी पोरांना पोहायला शिकव."